न झालेली भैरवी

येरवडा, पुणे
२ जून २०२४

आदरणीय श्यामलाताई खांबेटे यांना,
सप्रेम नमस्कार.

मी आपला जुना वाचक. भोसरीच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालो. मूळ बुलढाणा जिल्ह्यातला. गाणं शिकलेलो नाही. कँटीनच्या रेडिओवर सकाळी शास्त्रीय लागायचं, तिथून नाद लागला. मग पुण्यातल्या फुकटच्या मैफली मागे उभं राहून ऐकत आलो. दुसऱ्या दिवशी आपलं परीक्षण वाचलं की काल आपण काय ऐकलं ते कळायचं. आपली कात्रणं माझ्याकडे आहेत.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या येणाऱ्या पुस्तकातला एक लेख आला. कादंबरीबाई हर्षे यांच्या फेब्रुवारी २०११च्या मैफलीचं परीक्षण. त्याखाली आपला पत्ता आणि 'दुरुस्ती असल्यास पत्राने कळवावी, ई-मेल करू नये' अशी सूचना आहे. म्हणून धाडस करतो.

शेवटी आपण लिहिलं आहे, 'नेहमीच्या डौलदार भैरवीने मैफलीची सांगता झाली.' ताई, त्या दिवशी भैरवी झाली नाही. मी होतो. भैरवी मला ओळखता येते, कारण ती सुरू झाली की लोक किल्ल्या चाचपायला लागतात.

त्या दिवशी बाई शेवटी जे गायल्या, त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. कृपया कळवावं.

आमची बायको शालू म्हणते, "त्या बाई पुस्तकं लिवतात अन् तुमी त्यायच्या चुका काढता का?" तिच्याकडे लक्ष देऊ नये.

आपला,
कोंडीराम सरकटे

*

कर्वेनगर, पुणे
७ जून २०२४

श्री. कोंडीराम सरकटे यांस,
नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे.

मी संगीतात एम.ए. केलं त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. चौतीस वर्षं वृत्तपत्रात परीक्षणं लिहिली. भैरवी हा राग अनेक अंगांनी गातात. जाणकार गायक तिच्यात बाराही सूर आणू शकतो. त्यामुळे न शिकलेल्या कानाची फसगत होते. आपली तशी झाली असावी.

आपला उत्साह स्तुत्य आहे. उत्साहाने मैफल ऐकता येते, परीक्षण लिहिता येत नाही. त्याला अभ्यास लागतो. पुस्तक छपाईला गेलं आहे आणि मजकूर आहे तसाच राहील.

सोबत रागांची प्राथमिक ओळख करून देणारी एक पुस्तिका पाठवत आहे. परत पाठवण्याची गरज नाही.

श्यामला खांबेटे

*

येरवडा, पुणे
१५ जून २०२४

आदरणीय ताई,
नमस्कार.

पुस्तिका मिळाली, आभारी आहे. रोज एक पान वाचतो. आधी भीती वाटत होती की नावं कळली की ऐकण्यातली गंमत जाईल. अजून तरी गेलेली नाही.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. लिहायची नव्हती, पण फसगत झाली असं आपण म्हणता म्हणून लिहितो.

त्या दिवशी मी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभा होतो. आठ वाजता आपण तिसऱ्या रांगेतून उठलात. खांद्याला शबनम पिशवी होती. दाराशी आपण मला म्हणालात, "वाट सोडा जरा." मी सोडली. आपली खुर्ची रिकामी झाली आणि माझे पाय दुखत होते. मी जाऊन तिच्यावर बसलो. 'वृत्तपत्रांसाठी राखीव' अशी चिठ्ठी होती तिला. बाई शेवटी जे गायल्या ते मी आपल्या जागेवर बसून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'भैरवीने सांगता.' मला वाटलं, आपण मागून परत आला असाल, आणि ती भैरवीच असेल, मला कळली नसेल. म्हणून तेरा वर्षं मी प्रत्येक मैफलीत भैरवीसाठी शेवटपर्यंत थांबलो. दीडशे तरी ऐकल्या असतील. त्यातल्या एकीतही ते नव्हतं.

आपण उठून गेला होतात, हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मला फक्त त्याचं नाव हवं आहे. परत कुठे ऐकायला मिळेल तेवढं कळेल.

आपला,
कोंडीराम सरकटे

*

कर्वेनगर, पुणे
९ जुलै २०२४

श्री. सरकटे,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. साडेआठपर्यंत मजकूर कचेरीत द्यावा लागे, म्हणून मी आठला उठत असे. शेवटी भैरवी होतेच, तेव्हा ते वाक्य मैफल संपण्याआधीच लिहून टाकायचं, ही माझी चौतीस वर्षांची पद्धत. शेकडो परीक्षणांत ते आहे. कधी चुकलं नाही, म्हणून ते खोटं आहे असं मला वाटलंच नाही.

तुम्हाला न शिकलेला कान म्हणाले. मी तर कानच घेऊन निघून गेले होते.

छपाई थांबवायला सांगितली आहे. प्रकाशक फोनवर बराच वेळ बोलला. बोलू दे.

आता नीट ऐका. कादंबरीबाई त्या मैफलीनंतर कधीही जाहीर गायल्या नाहीत. घशाचा त्रास, असं सगळे म्हणाले आणि मीही तसं छापलं. म्हणजे तुम्ही जे ऐकलंत ते त्यांचं लोकांसमोरचं शेवटचं गाणं होतं. त्याचं ध्वनिमुद्रण नाही, मी आयोजकांकडे चौकशी केली. ते ज्याने लक्ष देऊन ऐकलं असा माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि तो मला रागाचं नाव विचारतो आहे.

नाव मी शोधून देईन. त्यासाठी पुढच्या प्रश्नांची उत्तरं द्या. गाण्याआधी बाई काही बोलल्या का? तंबोरे परत लावले का? शब्द होते का? तबला होता का? किती वेळ चाललं? आणि सूर कसे जात होते, जमेल तसं लिहा. 'अप्रतिम', 'स्वर्गीय' असले शब्द वापरू नका. ते मी पुष्कळ वापरले आहेत, त्यांतून काही कळत नाही.

श्यामला खांबेटे

*

येरवडा, पुणे
१६ जुलै २०२४

आदरणीय ताई,
नमस्कार.

आपण विचारलं त्या क्रमाने लिहितो.

बाई आधी बोलल्या. "मघाशी दाखवला. आता गाते." एवढंच. काय दाखवला ते मला कळलं नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या दोघी मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग तंबोरे परत लावले. एकेक खुंटी पिळून तार खूप वर नेली. त्यात पाच-सात मिनिटं गेली. तेवढ्यात निम्मे लोक उठले. त्यांना वाटलं, भैरवीच राहिली आहे, गाडी काढता काढता ऐकू येईल.

शब्द नव्हते. तबलजींना बाईंनी हातानेच थांबायला सांगितलं, ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. पस्तीस मिनिटं चाललं. समोर घड्याळ होतं.

आता सूर. मला माझ्या कामातलंच सांगता येईल.

ग्राइंडिंगला जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, लावला की वर चाक फिरत असतं आणि आपण ते हळूहळू खाली आणत असतो. मधली फट डोळ्यांना दिसत नाही, कागदाच्या जाडीपेक्षा कमी असते. तिथे कानाने काम करायचं. चाक जॉबला टेकायच्या आधी आवाज बदलतो. अजून लागलेलं नाही, पण आता लागणार, असा एक आवाज. अगदी क्षणभर असतो. तो ओळखायला मला चार वर्षं लागली. ज्याला तो कळत नाही त्याचा जॉब जळतो.

बाई पस्तीस मिनिटं त्या आवाजात होत्या.

तंबोऱ्यात एक मुख्य सूर सतत वाजत असतो आणि सगळं गाणं फिरून त्याच्यावर येऊन बसतं, एवढं मला ऐकून ठाऊक आहे. पुस्तिकेत त्याला षड्ज म्हटलं आहे. बाई त्याच्यावर बसत नव्हत्या. वरून यायच्या, अगदी शेजारी येऊन थांबायच्या, आणि त्याला न शिवता खाली उतरून जायच्या. खालून यायच्या आणि त्याला ओलांडून पुन्हा शेजारीच उभ्या राहायच्या. मला वाटायला लागलं, आपण जोराने श्वास घेतला तर टेकेल. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी माझं मनगट धरलं होतं. ओळख ना पाळख. त्यांना आणि मला ते नंतर लक्षात आलं.

शेवटी टेकल्या. एकदाच. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की आवाज होतो. इथे उलट झालं, आवाज नाहीसा झाला. बाईंचा सूर कुठे संपला आणि तंबोऱ्याचा कुठे सुरू झाला ते कळेना. त्यांनी तोंड मिटलं होतं तरी मला त्यांचा आवाज येत होता.

राहिलेले तीस-चाळीस लोक होते. कुणी टाळी वाजवली नाही. मीही नाही. हात उचलायचे असतात हेच सुचलं नाही. बाई थोडा वेळ बसल्या, आणि मग उठून आत गेल्या.

आपला,
कोंडीराम सरकटे

*

कर्वेनगर, पुणे
२० जुलै २०२४

कोंडीराम,

तुम्हाला नाव हवं होतं. मारवा.

त्या दिवशी मैफल मारव्यानेच सुरू झाली होती. सूर्य मावळतानाचा राग. मी त्याला 'निर्दोष' म्हटलं होतं आणि तो निर्दोष होता. 'मघाशी दाखवला' म्हणजे तो. मध्यंतरानंतर बागेश्री झाला, त्यानंतर भैरवीसाठी तार इतकी चढवावी लागत नाही. मारव्याला पंचम नाही, म्हणून पहिली तार वर निषादापर्यंत न्यावी लागते. पाच-सात मिनिटं खुंट्या पिळल्या हे तुम्ही लिहिलंत आणि माझी शंका संपली. पुढचं सगळं त्याच्याशी जुळतं. तुम्ही म्हणता तो 'शेजारचा' सूर म्हणजे कोमल रिषभ.

एकदा गाऊन झालेल्या रागाकडे, वेळ टळून गेल्यावर, भैरवीच्या जागी परत जाणं, हे कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही आणि वाचलेलं नाही. बाईंना आपलाच निर्दोष मारवा पटला नव्हता. मला पटला होता.

एम.ए.च्या परीक्षेत मारव्यावर प्रश्न होता. 'या रागात षड्ज लंघित ठेवतात', म्हणजे त्याला टाळून पुढे जातात, असं मी लिहिलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. तेच वाक्य पुढे कितीतरी परीक्षणांत वापरलं. तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचायला घेतलं. 'बाई पस्तीस मिनिटं त्या आवाजात होत्या' इथे आले आणि खाली बसले. षड्ज का टाळायचा, हे मला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, एका ग्राइंडिंग मशीनवरून कळलं.  

परवापासून मारव्याची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकते आहे. हातात पेन न घेता. अवघड जातं.

तुम्हाला भीती वाटत होती, नावं कळली की गंमत जाईल. जात नाही. पुस्तिका वाचत राहा.

तुमच्या पत्राची नक्कल कादंबरीबाईंना पाठवू का? परवानगीशिवाय पाठवणार नाही.

श्यामला खांबेटे

*

कर्वेनगर, पुणे
१ ऑगस्ट २०२४

आदरणीय कादंबरीबाई,
सादर नमस्कार.

आपली ओळख एकमेकींना नमस्कार करण्यापुरतीच. तरी हे लिहिणं भाग आहे.

२० फेब्रुवारी २०११ला तुमच्या मैफलीतून मी आठ वाजता उठून गेले. न ऐकलेल्या भैरवीबद्दल लिहिलं. त्या वेळी तुम्ही काय गायलात ते मला गेल्या महिन्यात कळलं. ज्यांच्याकडून कळलं त्या श्री. कोंडीराम सरकटे यांचं पत्र, त्यांच्या संमतीने, सोबत जोडलं आहे. माझ्या सगळ्या परीक्षणांत त्याच्या तोडीचं एक पान नाही.

माफी मागते. माफीने तो अर्धा तास मला मिळणार नाही, हे माहीत आहे.

श्यामला खांबेटे

*

कात्रज, पुणे
८ ऑगस्ट २०२४

प्रिय श्यामलाबाई,

तुम्ही निघून गेला होतात, हे मला आज कळतं आहे. दिव्यांमुळे मंचावरून समोरचं दिसत नाही.

एवढं मात्र ऐकू आलं की टाळ्या झाल्या नाहीत. रात्र कशीतरी काढली. सकाळी तुमचं परीक्षण वाचलं. पहिला मारवा निर्दोष, आणि शेवटी 'डौलदार भैरवी.' मी काय समजले सांगू? मी समजले, श्यामला खांबेटेंसारख्या शिकलेल्या बाईने तो सगळा प्रकार बसून ऐकला. तिला माझी दया आली. तिने माझा वेडेपणा भैरवीच्या पदराखाली झाकला. तुमचे आभार मानणारं पत्रसुद्धा लिहायला घेतलं होतं. लाजेने पेटीत टाकलं नाही.

त्यानंतर लोकांसमोर बसायचं धैर्य झालं नाही. घसा ठणठणीत होता.

रागावलेली नाही. तेरा वर्षांचा राग आणायचा तर आता तेवढा दम नाही.

सरकट्यांचं पत्र आमच्या अपेक्षाकडून चारदा वाचून घेतलं. ती माझी शिष्या, हल्ली डोळेही तिचेच वापरते. श्यामलाबाई, त्या दिवशी मी काय केलं ते मला आठवत नाही. गाताना आपण तिथे नसतोच. पत्र ऐकताना वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे, आणि मला तिला भेटायचं आहे.

रविवारी, १८ तारखेला, सूर्य मावळायच्या आत त्यांना घेऊन या. आवाज आता मधल्या सप्तकापुरता उरला आहे. मारव्याला तेवढा पुरतो. मी गाईन. 'तेच' की 'नाही', एवढं त्यांनी सांगावं. दुसरं कुणी सांगू शकत नाही.

कादंबरी हर्षे

*

कर्वेनगर, पुणे
१९ ऑगस्ट २०२४

कोंडीराम,

काल गाणं संपल्यावर तुम्ही एक शब्द न बोलता जिना उतरून निघून गेलात. मी खिडकीतून हाक मारली. तुम्ही वळला नाहीत.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते लिहिते. बाई दाराकडे बघत राहिल्या. अपेक्षाने तंबोरा खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "म्हणजे नव्हतं." माझ्याकडे बघून म्हणाल्या.  आयुष्यात पहिल्यांदा मला गाण्याबद्दल काही विचारलं गेलं आणि उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता.

माझ्यापुरतं सांगते. वही घेऊन बसले होते. घरी येऊन उघडली तर पानावर तारीख आहे, बाकी काही नाही. शहात्तर वर्षांची बाई, आवाजाला चिरा पडलेल्या, आणि त्या चिरांमधून आणखी कुठलं तरी दार उघडतं आहे असं वाटत होतं. बाहेर हायवेवर ट्रक जात होते, तेही ऐकू येईनासे झाले. मला आता शब्द सुचत नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मंदिरात मी हात जोडत नाही. काल जोडलेले होते, अपेक्षाने सांगितलं तेव्हा कळलं.

पण हे माझं झालं. बाईंना हवं आहे ते तुमच्याकडे आहे. त्या परत बसतील की नाही, ते तुमच्या उत्तरावर आहे. त्यांनी तसं म्हटलेलं नाही, मला दिसतं.

तरीही खोटं लिहू नका. एकदा त्यांना वाटलं की कुणी आपल्याला दयेने झाकलं, त्याची किंमत तेरा वर्षं झाली. दुसऱ्यांदा तसं नको. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. मी जाऊन वाचून दाखवेन, आणि समोर बसेन.

श्यामला

*

येरवडा, पुणे
२४ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,
नमस्कार.

न सांगता निघालो, चूक झाली. तोंड उघडलं असतं तर काहीतरी वावगं बोललो असतो. बसमध्ये बसलो आणि येरवडा मागे टाकून थेट विश्रांतवाडीला उतरलो. घरी उशीर झाला तर शालू म्हणाली, "कोनी मेलं का?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मंग असं तोंड कावून?"  सहा दिवस विचार करतो आहे.

बाईंना सांगा, ते नव्हतं.

आपण खोटं लिहू नका म्हणालात, म्हणून हे वाक्य वेगळं लिहिलं. आता पुढचं त्यांना न थांबता वाचून दाखवा.

२०११ला बाई त्या सुराजवळ जात होत्या आणि परत फिरत होत्या. जाणं त्यांचं होतं. रविवारी त्या कुठे गेल्याच नाहीत. कोमल रिषभावर बसून राहिल्या. नाव आता मला येतं, आणि नाव येत होतं म्हणून मी त्याच्यावर नीट कान ठेवू शकलो, नाहीतर हे माझ्या हातून निसटलं असतं. त्या बसून राहिल्या आणि षड्ज हळूहळू त्यांच्याकडे सरकत आला. मी ऐकलं. एकतीस वर्षं मी चाक खाली येताना ऐकलं. जॉब आपणहून वर येताना कधी ऐकला नाही. तसं होत नसतं. रविवारी झालं.

तेरा वर्षं जे जपलं होतं, ते त्या वीस मिनिटांत लहान झालं. म्हणून पळालो. बाईंनी मागितलेलं उत्तर द्यायचं तर 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि ते 'नाही' त्यांना उलटं ऐकू गेलं असतं.

बाईंना विचारा, येत्या रविवारी परत येऊ का? मी नीट ऐकलं की नाही याची मला खात्री करायची आहे.

आणि ताई, हे लगेच पुस्तकात घालू नका. प्रकाशकाला थांबू दे. एकदाच ऐकून लिहू नये, असं मला वाटतं.

आपला,
कोंडीराम सरकटे